लास्ट किती?

डोंबिवली वेस्टच्या तिकीट खिडकीसमोर मी आयुष्यातला पहिला व्हिडिओ गेम विकला. २०१४ची दिवाळी नुकतीच झाली होती, रविवार होता, आणि घेणारा मुलगा अंबरनाथहून वडिलांना सोबत घेऊन आला होता. मी दादाला घेऊन गेले होते, कारण आईची अटच होती की अनोळखी माणसाला भेटायला एकटी जायचं नाही. त्या मुलाने डबा उघडला, डिस्क कडेने धरून बाहेर काढली आणि उन्हात तिरकी करून बघायला लागला, आजी पापड उन्हाला धरून बघायची ना तसं. "ताई, हा स्क्रॅच?" मी म्हटलं वरवरचा आहे, चालतो. मग तो प्रश्न आला जो पुढे चारपाच वर्षं मी शेकडो वेळा ऐकला आणि विचारला पण, "लास्ट किती?" चौदाशे म्हणत होते, तेराशेला दिला. वडिलांनी पैसे मोजून दिले, माझा नंबर घेतला आणि म्हणाले, बेटा चालला नाही तर फोन करीन हां.

रात्री साडेनवाला फोन आला खरा. पण तो त्या मुलाचा होता, गेम मस्त चालत होता, त्याला फक्त विचारायचं होतं की दुसऱ्या लेव्हलला ते गेट उघडतच नाहीये, चावी कुठेय. मी सांगितलं. मग चार दिवसांनी परत फोन, मग परत. तो गेम संपेपर्यंत आमचं बोलणं चालू होतं आणि संपल्यावर त्याने तोच गेम बाराशेला बदलापूरच्या कुणाला तरी विकला, हेही त्यानेच फोन करून सांगितलं. म्हणजे एकच डिस्क डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर अशी सेंट्रल लाईनने पुढे पुढे चालली होती, आणि प्रत्येक स्टेशनवर कुणाचे तरी दोन महिने मजेत जात होते.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात रत्नागिरीला गेले होते, तिथे मामेबहिणीचा मुलगा, दहावीत आहे, तो त्याच्या जुन्या लॅपटॉपवर एक भला मोठा गेम क्लाउडवर खेळत होता, म्हणजे गेम चालतो दूरच्या मशीनवर आणि चित्र इंटरनेटवरून ह्याच्याकडे येतं. तो गेम चालवायला खरं तर लाखभराचा पीसी लागतो, आणि ह्याच्या लॅपटॉपवर एक्सेलची फाईल उघडायलासुद्धा मिनिट लागतं. मला फार आनंद झाला त्याला खेळताना बघून. मी त्याला म्हटलं, हा संपला की मला सांग, मी पण खेळीन. तर तो म्हणाला, "मावशी, संपला तरी मी तुला कसा देणार? माझ्याकडे कुठेय तो?" तो अगदी सहज बोलला, पण परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरत राहिलं. माझ्याकडे कुठेय तो.

आमच्याकडे होते. मी आणि दादाने मिळून टीव्हीला लावून गेम खेळायचा कन्सोल घेतला, त्याचा पहिला बोनस आणि माझे ट्यूशनचे पैसे. कन्सोल आला आणि मग कळलं की खरा खर्च पुढे आहे, नवीन गेम तीनसाडेतीन हजाराला. कॉलेजातली मुलगी दर महिन्याला तीन हजार कुठून आणणार. मग विकत घ्यायचा, दीड महिन्यात संपवायचा, आणि बाजारात भाव पडायच्या आत विकून टाकायचा. पाचशे सातशे रुपयांचा फटका बसायचा, तेवढंच त्या गेमचं भाडं समजायचं. फेसबुकवर ग्रुप होते, ओएलएक्स होतं, नंतर व्हॉट्सॲप आलं. सीलपॅक, मिंट कंडिशन, फिक्स प्राईस, एक्सचेंज चालेल, अशी एक वेगळीच भाषा होती. दादरच्या पुलावर, ठाण्याला इंडिकेटरखाली, एकदा तर कुर्ल्याला ट्रेनच्या दारातून डबा बाहेर दिला आणि पैसे आत घेतले, कारण उतरायला वेळच नव्हता. चार वर्षांत आम्ही तीसेक गेम खेळलो असू आणि खिशातून खरे पैसे गेले ते फार तर पाचसहा गेमचे. बाकी सगळं त्याच पैशांचं फिरणं होतं.

आणि डब्यांमध्ये चिठ्ठ्या यायच्या! कुणीतरी तिजोरीचा कोड लिहून ठेवलेला असायचा. कल्याणच्या एका माणसाकडून घेतलेल्या गेममध्ये वहीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दुसऱ्या बॉसला आगीने मार, तलवारीने वेळ फुकट." बॉस म्हणजे लेव्हलच्या शेवटी येणारा तगडा शत्रू. ती चिठ्ठी मी अजून त्याच डब्यात ठेवलीये.

मग २०१८ला दादा म्युनिकला गेला. जाताना कन्सोल आणि सगळ्या डिस्क माझ्याकडे ठेवून गेला. पण शेवटच्या दीडदोन वर्षांत आम्ही सेलमध्ये बरेच गेम डिजिटल घेतले होते, कारण ते स्वस्त पडायचे, स्टेशनवर जायला नको, डिस्क बदलायला उठायला नको. ते सगळे दादाच्या अकाउंटवर होते. सहासात महिन्यांनी त्याने तिकडे नवीन कन्सोल घेऊन तोच स्वतःच्या अकाउंटचा मुख्य कन्सोल म्हणून लावला आणि त्याच रात्री इकडे माझ्या स्क्रीनवर आमच्या अकरा गेमच्या चित्रांवर छोटी छोटी कुलपं आली. त्यातले निम्मे पैसे माझे होते. दादाला बिचाऱ्याला माहितीच नव्हतं असं होईल म्हणून, त्याने फोनवर दहादा सॉरी म्हटलं, आणि पुढे काय करायचं यावर आम्ही तासभर बोललो, पण करण्यासारखं काही नव्हतंच. कपाटातल्या डिस्क मात्र होत्या तशाच चालत होत्या. त्या कुणाच्या अकाउंटच्या आहेत हे त्यांना कुणी विचारत नव्हतं.

बाबांना हे समजावताना मला आजोबांची गिरगावातली खोली आठवली. ती खोली पागडीची. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, मुंबईत पागडी म्हणजे एकरकमी मोठी रक्कम देऊन भाडेकरू व्हायचं, मग महिन्याचं भाडं अगदी किरकोळ. खोलीचे तुम्ही मालक नाही, मालक मालकच. पण तुम्हाला खोली सोडायची असली तर तुम्ही दुसऱ्याला देऊ शकता, त्याच्याकडून पागडी घेऊन, आणि त्यातला ठरलेला वाटा, रिवाजाने साधारण तिसरा हिस्सा, घरमालकाला द्यायचा. वर्षानुवर्षं हे सगळं हाताखालून चालायचं, मग १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्या देवाणघेवाणीला मान्यता दिली. आजोबांनी खोली सोडली तेव्हा असंच झालं. मालकाचा वाटा मालकाला गेला, उरलेल्यातून डोंबिवलीच्या ब्लॉकचं कर्ज फिटलं. बाबांचं वाक्य मला पाठ आहे, "खोली आपली नव्हती गं, पण खोलीवरचा हक्क आपला होता."

डिजिटल गेमबद्दल आपण दुकानाच्या पानावर "विकत घ्या" असं बटण दाबतो तेव्हा आपल्याला वाटतं आपण ब्लॉक घेतला. नियमावली वाचली तर कळतं की लायसन्स मिळालंय, म्हणजे वापरायची परवानगी, आणि ती दुसऱ्याला देता येत नाही. वारसालासुद्धा नाही, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाने २०२४मध्ये हे एका ग्राहकाला स्पष्टच कळवलं होतं की अकाउंट मृत्युपत्रातून कुणाला देता येणार नाही. पागडीवाल्याला जेवढं होतं तेवढंही इथे नाही. आणि क्लाउड म्हणजे तर लॉज झालं, जितके दिवस पैसे तितके दिवस खाट. लॉजला वाईट म्हणत नाहीये मी, परगावी गेल्यावर लॉजच लागतो. पण लॉजचं बिल भरून कुणी "मी खोली घेतली" म्हणत नाही.

हा वाद कागदावर फार जुना आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने पुस्तकात छापलं होतं की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमीत विकलंत तर कॉपीराइटचा भंग समजू. मेसीज या मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९०८ला कोर्टाने सांगितलं की एकदा तुम्ही प्रत विकलीत की तिच्या पुढच्या विक्रीवर तुमचा ताबा संपला. आपण पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं देऊन नवीन इयत्तेची घ्यायचो, किंवा फ्लोरा फाउंटनला फुटपाथवर पुस्तकं चाळायचो, ते सगळं या एका साध्या समजुतीवर उभं आहे की वस्तू माझ्या हातात आली, आता ती मी कुणाला देते हा माझा प्रश्न.

ही समजूत डाउनलोडला लागू पडते का? इथे मला युरोपचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं कारण त्यांनी निदान हा प्रश्न कोर्टात नेला. ३ जुलै २०१२ला युरोपियन युनियनच्या कोर्टाने ओरॅकल कंपनीच्या केसमध्ये सांगितलं की कायमस्वरूपी वापरायला म्हणून पैसे घेऊन डाउनलोड करून दिलेलं सॉफ्टवेअर पुन्हा विकता येतं, विकणाऱ्याने स्वतःकडची कॉपी काढून टाकली पाहिजे एवढंच. मग २०१५च्या डिसेंबरात फ्रान्सच्या यूएफसी-क श्वाझीर या ग्राहक संघटनेने स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीवर केस टाकली की तुमच्या नियमांत गेम विकायला बंदी आहे ती बेकायदा आहे. आणि १७ सप्टेंबर २०१९ला पॅरिसच्या कोर्टाने ते चक्क मान्य केलं! कंपनी म्हणत होती हे सबस्क्रिप्शन आहे, कोर्ट म्हणालं की बाबा तू एकदाच पूर्ण किंमत घेतोस आणि मुदत काही घालत नाहीस, ह्याला विक्रीच म्हणतात. मला तो दिवस आठवतो, दादाने म्युनिकहून मला व्हॉइस मेसेज टाकला होता, आनंदाने ओरडत होता नुसता. आमची अकरा कुलपं उघडली असंच वाटलं आम्हाला दोघांना, भलेही त्या निकालाचा आमच्या कन्सोलशी काही संबंध नव्हता.

टिकलं नाही ते. अपील झालं, २१ ऑक्टोबर २०२२ला निकाल फिरला, आणि २३ ऑक्टोबर २०२४ला फ्रान्सच्या सर्वोच्च कोर्टानेही संघटनेचं म्हणणं फेटाळलं. त्यांचं कारण मी दोनतीनदा वाचलं कारण ते मला खोलवर लागलं. एक तर गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नसतं, त्यात चित्रं आहेत, संगीत आहे, गोष्ट आहे, पात्रं आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअरचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. इथपर्यंत मलाही पटतं, उलट गेमला कुणीतरी कोर्टात कलाकृती म्हटलं याचं बरंच वाटतं. पण पुढचं असं की सॉफ्टवेअर माणूस जुनं होईपर्यंत वापरत राहतो, गेम मात्र खेळून झाला की लगेच बाजारात येतो आणि नव्या खेळाडूला तो पुढे अनेक वर्षं नव्यासारखाच चालतो, म्हणून गेम बनवणाऱ्याचं नुकसान जास्त.

अहो पण खेळून संपतो म्हणूनच तर विकतो ना! संपलेली गोष्ट दुसऱ्याला द्यावीशी वाटते हाच तर त्यातला जीव आहे. कादंबरीपण वाचून संपते. मला कोर्टाची अडचण कळत नाही असं नाही. डिस्कला स्क्रॅच जातो, डबा तुटतो, त्यामुळे सेकंडहँडला सेकंडहँडचा भाव मिळतो. डिजिटल प्रत शंभर हातांतून गेली तरी नवीच. आणि स्टेशनवर जायला नको, एका क्लिकवर विक्री, म्हणजे पाच हजार लोक एकच गेम पाळीपाळीने खेळून मोकळे होतील आणि बनवणाऱ्याला पाचशे प्रतींचेच पैसे मिळतील. तीनचार जणांनी मिळून बनवलेल्या छोट्या गेमचं तर कंबरडंच मोडेल. हे खरंय, आणि मी याच्याकडे डोळेझाक करणार नाही, कारण मला ते छोटे गेम सगळ्यात जास्त आवडतात.

पण मग पागडीसारखा वाटा का नको? गेम बनवणाऱ्याला प्रत्येक पुनर्विक्रीत हिस्सा द्या. ही कल्पना माझ्या एकटीची नाही, ब्रायन फार्गो म्हणून गेमच्या धंद्यातलं जुनं नाव आहे, त्यांनी २०१८मध्ये रोबॉट कॅश नावाचं दुकान जाहीर केलं ते नेमकं ह्याच तत्त्वावर. तुम्ही खेळलेला डिजिटल गेम परत विकायचा, २५ टक्के तुम्हाला, ७० टक्के पब्लिशरला, ५ टक्के दुकानाला. घरमालकाला तिसरा हिस्सा देणाऱ्या आजोबांना हा हिशोब ऐकून चक्कर आली असती, पण निदान पाव हिस्सा तरी माझा! तरी मोठ्या पब्लिशरांची रांग काही लागली नाही तिथे. पुनर्विक्रीवर सत्तर टक्के मिळत असूनही. मला वाटतं त्यांना पैशापेक्षा जास्त काहीतरी हवंय, प्रत कुठे जाते त्यावरचा ताबा हवाय, आणि भाव कधी पाडायचा ते सेलच्या तारखेने स्वतःच ठरवायचंय.

इथे एक गोंधळ नेहमी होतो, लोक म्हणतात अगं डिजिटल गेम विकणाऱ्या साईट आहेत की भरपूर. त्या गेम चालू करायचे कोड विकतात, न वापरलेले. जीटूएसारख्या ठिकाणी कोण कुठला कोड आणून टाकतो त्याचा पत्ता नसतो, फॅक्टोरिओ गेम बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रारीनंतर २०२०मध्ये तपासात त्यांचे १९८ चोरीचे कोड तिथून विकले गेल्याचं निघालं आणि जीटूएला ३९,६०० डॉलर भरून द्यावे लागले. तो वेगळा बाजार. मी बोलतेय ते मी खेळलेल्या, माझ्या झालेल्या गेमबद्दल.

आणि तांत्रिकदृष्ट्या जमत नाही हे तर मला कुणी सांगूच नये. निन्टेंडोचा स्विच २ हा कन्सोल आला २०२५च्या जूनमध्ये, त्याच्या बऱ्याच गेमच्या कार्डात गेम नसतोच, कार्ड म्हणजे फक्त चावी, गेम इंटरनेटवरून उतरवायचा. पण ते कार्ड मी विकलं की घेणाऱ्याचा गेम चालतो आणि माझा बंद होतो. म्हणजे लायसन्स एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की नाही? त्याच वर्षी त्यांनी डिजिटल गेमसुद्धा घरातल्या माणसाला दोन आठवडे उसना द्यायची सोय केली, दोन आठवडे झाले की आपोआप परत. सगळं करता येतं, करायचं ठरवलं की. स्टीमवर पूर्वी गेम गिफ्ट म्हणून घेऊन ठेवता यायचा आणि नंतर कुणाशीतरी बदलता यायचा, दादाने कॉलेजात त्याच्या कितीतरी अदलाबदली केल्या, २०१७मध्ये ते बंद झालं.

गंमत वाटते ती २०१३ची. तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा नवा कन्सोल जाहीर करताना जुन्या गेमच्या विक्रीवर बंधनं आणि दर चोवीस तासांनी एकदा ऑनलाइन हजेरी असं सांगितलं, आणि लोक खवळले. सोनीने लगेच काही सेकंदांचा व्हिडिओ काढला, प्लेस्टेशन ४वर गेम शेअर कसा करायचा, तर एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबा देतो, तो म्हणतो थँक्स, संपला व्हिडिओ. मी तो तेव्हा वीस वेळा बघितला असेन. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने सगळं मागे घेतलं. आपण जिंकलो होतो. आणि मग पुढच्या दहा वर्षांत जे तेव्हा लादता आलं नाही ते आपण सोयीसाठी एकेक करून स्वतःच स्वीकारलं, मी पण, त्या अकरा गेमच्या वेळी मलाही उठून डिस्क बदलायचा कंटाळा होता. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा ३९,९९०. दहा हजार वाचतात म्हणून सगळे खूश. मी कागदावर हिशोब मांडला, नवीन गेम ४,९९९, डिस्क असेल तर विकून निम्मे तरी येतात, म्हणजे चारच गेममध्ये दहा हजार वसूल आणि नंतरचा प्रत्येक गेम फायद्यात. ऑफिसातल्या तिघांना मी तो कागद दाखवला, एकाने ऐकलं. २०२४ला आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तर डिस्कची खाचच नाही, हवी असेल तर वेगळी घ्या.

आता क्लाउडचं. दादा म्युनिकमध्ये असल्यामुळे त्याला स्टेडिया, गूगलची क्लाउडवर गेम खेळायची सेवा, पहिल्या दिवसापासून मिळालं, १९ नोव्हेंबर २०१९, चौदा देशांत सुरू झालं त्यात जर्मनी होतं, भारत नव्हता. त्याने मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, टीव्हीच्या मागे लावलेलं क्रोमकास्ट नावाचं छोटंसं यंत्र, हातात कंट्रोलर, बाकी काही नाही, ना पंख्याचा आवाज ना डाउनलोडची वाट. खरंच जादू वाटली. त्यामागचं गणित समजून घेतलं तर अजून जादू वाटते. तुम्ही बटण दाबता, ते डेटा सेंटरला जातं, तिथलं मशीन चित्र बनवतं, चित्र दाबून लहान केलं जातं, परत तुमच्याकडे येतं, उलगडतं, दिसतं. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलीसेकंद. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे डेटा सेंटर हजार किलोमीटरवर असेल तर नुसतं जायला यायला १० मिलीसेकंद गेले, मग राउटर, वायफाय, ते दाबणं उलगडणं. क्रिकेटच्या गेममध्ये हे पटकन कळतं, बॉल बॅटवर यायच्या क्षणी बटण दाबलं तरी दांडी उडालेली असते. आणि डेटा, दहा एमबीपीएसने तासाला साडेचार जीबी जातात, म्हणजे दिवसाला दीड जीबीच्या मोबाईल प्लॅनमध्ये वीस मिनिटं. रत्नागिरीला आता घरात फायबर आलाय म्हणून भाचा खेळू शकतो, तीन वर्षांपूर्वी शक्य नव्हतं.

पण स्टेडियात मला खटकलेली गोष्ट वेगळीच होती. लॅग, म्हणजे बटण दाबल्यावर होणारा तो उशीर, वगैरे सुधारेल, सुधारतोच. तिथे गेम पूर्ण किमतीला विकत घ्यायचे होते. लॉजमध्ये राहायचं आणि वर पागडी पण द्यायची! २९ सप्टेंबर २०२२ला गूगलने बंद करतोय म्हणून जाहीर केलं आणि १८ जानेवारी २०२३ला ते बंद झालं. गूगलने वागणूक चांगली दिली हे सांगितलंच पाहिजे, गेमचे आणि कंट्रोलरचे पैसे परत केले, कंट्रोलरला ब्लूटूथ चालू करून दिलं म्हणजे तो कचऱ्यात जाणार नाही, आणि शेवटच्या आठवड्यात त्यांच्या टीमने एक छोटा सापाचा गेम सगळ्यांसाठी खुला केला, जो ते सुरुवातीपासून चाचणीसाठी ऑफिसात वापरत होते. दादाने तो खेळला. मला म्हणाला, निरोप समारंभासारखं वाटलं. दादाचे पैसे आले, पण पैसे परत द्यायची ऐपत गूगलची होती म्हणून. ऑनलाइव्ह नावाची कंपनी २०१०पासून हेच करत होती, ३० एप्रिल २०१५ला ती बंद झाली आणि लोकांची अकाउंट, सेव्ह केलेला खेळ, सगळं तिच्याबरोबर गेलं.

क्लाउडवर नसलेला गेमही असा जाऊ शकतो. युबिसॉफ्टचा द क्रू, गाड्यांचा गेम, २०१४चा. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद केले, आणि त्यानंतर लोकांच्या लायब्ररीतून लायसन्सच काढून घेतलं. त्यात डिस्कवाल्यांचीही डिस्क निकामी झाली, कारण तो एकट्याने खेळायलासुद्धा सर्व्हर लागायचा. तिथून रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली, की बंद करताना गेम निदान चालता तरी ठेवा, आणि २०२५मध्ये युरोपात त्यावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. दादा पहिल्याच महिन्यात सही करायला निघाला, त्याच्याकडे जर्मनीचं नागरिकत्व नाही तर चालेल का म्हणून आधी नियम वाचत बसला, चालणार नाही असं कळल्यावर त्याने त्याच्या बायकोला, ती तिकडचीच, बसवून सही करायला लावली, तीच आमच्या घरची सही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदाच आहे की ग्राहकाला लायसन्सच मिळतंय हे स्पष्ट सांगितल्याशिवाय "विकत घ्या" असा शब्द वापरायचा नाही. शब्द नीट वापरा एवढंच, पण मला ते मोठं वाटतं. आपल्याकडेही हे व्हायला हवं, "भाड्याने घ्या" असं बटण असेल तर मी भाडेकरूच्या मनाने पैसे मोजीन.

मी भाच्याला क्लाउड सोड असं म्हणणार नाही. तो जे बघतोय ते बघायला त्याच्या वयात मला चार वर्षं पैसे साठवावे लागले असते, आणि त्याच्यासारखी किती मुलं असतील चिपळूणला, सांगोल्याला, गडचिरोलीला. त्यांना दार उघडलंय ते बंद व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. मला एवढंच हवंय की त्याला आवडलेला एखादा गेम त्याला कायमचा घ्यावासा वाटला तर घेता यावा, आणि मन भरलं की मित्राला देता यावा, बनवणाऱ्याचा वाटा बनवणाऱ्याला जाऊ दे. अंबरनाथच्या त्या मुलाचा रात्री साडेनवाला आलेला फोन त्यालाही यावा कधीतरी.

रत्नागिरीहून आल्यावर मी कपाट आवरलं. सतरा डिस्क निघाल्या. बारा बाजूला काढल्या, त्या पार्सलने भाच्याकडे जातायत, कन्सोलसकट. दादाला विचारलं, तो म्हणाला सगळं दे, फक्त गाड्यांचा तो एक ठेव. चार माझ्याकडेच राहतील. आणि एक, ती कल्याणची, आगीने मार म्हणणाऱ्या चिठ्ठीची, ती मी विकायला टाकली, कारण गेम आता नव्याने मिळत नाही आणि कुणीतरी ग्रुपवर आठवडाभर शोधत होतं. चिठ्ठीच्या मागे मी माझी एक ओळ लिहिली, तिसऱ्या बॉसच्या आधी पूल ओलांडू नकोस, डावीकडे खाली औषध आहे.

काल रात्री मेसेज आला, टिटवाळ्याहून आहे कुणीतरी.

"ताई अव्हेलेबल आहे का? लास्ट किती?"

मी लिहिलं सहाशे, कडेला एक बारीक स्क्रॅच आहे, फोटो पाठवते.

"फोटो नको. रविवारी डोंबिवलीला येतो, उन्हात बघून घेईन."